पेटी कुणी वाजवायची?



संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपतात, तिळाचा डबा तळाला जातो आणि पूर्व विदर्भातल्या घराघरांत महाशिवरात्रीच्या यात्रेचं बोलणं निघतं. कोणी पचमढीचा बेत करतं, कोणी जवळच्या महादेवाला जायचं म्हणतं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड हे असंच यात्रेचं ठिकाण. भोवती जंगल, जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचं देवस्थान आणि तिथेच एक दर्गाही. महादेवाला आलेली माणसं दर्ग्यावरही माथा टेकतात. महाशिवरात्रीला गावोगावचे लोक तिथे लोटतात. यात्रा म्हटली की वाजवणं-गाणं आलंच. देव काही मुक्याने पुजायचा नसतो.

त्याच भागातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव देत नाही, कारण प्रश्न त्यांचा एकटीचा नाही. त्या लिहितात:

"आमचं दहा-बारा जणींचं भजन मंडळ आहे. दर शुक्रवारी देवळात बसतो. यंदा प्रतापगडच्या यात्रेत भजन करायचं ठरलंय. आजवर पेटीवर गावातले एक काका बसत आले. पण या दिवसांत ते नाटक मंडळीबरोबर बाहेर असतात. मला थोडी पेटी येते. लहानपणी शिकले होते, आता घरात दार लोटून वाजवते. मंडळातल्या जणी म्हणतात, तूच बस. सासूबाई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. आमचे हे म्हणतात, 'घरात वाजव की! एवढ्या लोकांत कशाला? चुकलीस तर हसं होईल.' मी काय करू?"

ताई, बसा. पेटीवर तुम्हीच बसा. पण कसं बसायचं ते नीट ठरवून बसा, कारण तुमच्या यजमानांच्या बोलण्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. लोकांसमोर वाजवणं आणि दार लोटून वाजवणं यांत फरक असतो. उरलेली अर्धी गोष्ट मात्र मुळीच खरी नाही.

सूर कुणाचा, वेळ कुणाची?

कुठल्याही गावातलं बायकांचं भजन मंडळ डोळ्यांसमोर आणा. टाळ बायकांच्या हातात, चिपळ्या बायकांच्या हातात, गळे तर सगळे बायकांचेच. आणि पेटी-तबल्यावर? बहुतेक ठिकाणी एखादे भाऊ किंवा काका. बाईच्या हातात टाळ शोभतो आणि तबला शोभत नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. तरी ते तसंच चालत आलं आहे.

यात त्या काकांचा काही दोष नाही. वर्षानुवर्षं चहाच्या कपावर येऊन बसणारी ही भली माणसं आहेत. पण जो पेटीवर बसतो तो सूर धरतो, हेही खरं. पुरुषाला सोयीचा सूर बहुधा काळी एकच्या आसपास असतो. आपण बायका त्याच सुरात गायला लागलो की धृपद कसंबसं निभतं आणि अंतऱ्याला वर गेलं की गळे चिरकतात. मग लोक म्हणतात, "बायकांचं भजन म्हणजे किंचाळणं!" अहो, गळा वाईट नाही, सूर परका आहे. पुष्कळ बायकांना काळी चार, काळी पाच हा सूर सोयीचा पडतो. तुमच्या मंडळात एकदा करून बघा. तेच भजन, त्याच बाया, पण पेटी काळी चारला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सुराचं तेच वेळेचं. काकांना सवड असेल तेव्हा भजन, नसेल तेव्हा नाही. झाडीपट्टीत तर ही अडचण ठरलेलीच. दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मोठं केंद्र. ज्याला चांगली पेटी किंवा तबला येतो, त्याला त्या चार महिन्यांत रात्रीची झोप नाही. त्यांनी चार पैसे मिळवायचे का तुमच्याकडे फुकट बसायचं? तेव्हा मंडळातल्या दोघी-तिघींना वाद्य आलंच पाहिजे. ही आता हौस नाही, गरज आहे.

मुंबईतली एक यात्रा

हौशी माणसाने मोठ्या मेळ्यात वाजवावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं नाही. मुंबईत १९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया' या संस्थेने पाश्चात्त्य संगीताचा एक मोठा मेळा भरवला. धोबी तलावजवळच्या रंगभवनच्या उघड्या रंगमंचावर देशोदेशीचे वादक आले. अमेरिकेतले नामवंत सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सही त्यांत होते. या मेळ्याला नाव काय दिलं, माहीत आहे? 'जॅझ यात्रा'! महोत्सव नाही, संमेलन नाही, यात्रा. पुढे बरीच वर्षं ही यात्रा भरत राहिली.

आता हे जॅझ म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कृष्णवर्णी लोकांत हे संगीत वाढलं. मिरवणुकीतले बँड, चर्चमधली सामुदायिक गाणी, मजुरांची कामावरची गाणी, अंत्ययात्रेतलं वाजवणं, हे सगळं त्यात येऊन मिळालं. वाजवणारे बरेचसे साधे लोक. कोणी दिवसा सिगार वळायचं, कोणी भिंतींना गिलावा करायचं, आणि संध्याकाळी कर्णा हातात घ्यायचं. कित्येकांना लिहिलेली स्वरलिपी वाचता येत नव्हती. म्हणजे ज्या संगीतासाठी आज मोठमोठी तिकिटं काढतात, ते मुळात हौशी आणि अर्ध्या-हौशी माणसांनीच उभं केलं.

त्यांची वाजवायची रीत आपल्या ओळखीची वाटेल अशी आहे. एक साधी चाल ठरलेली असते. तिचं आवर्तन बांधलेलं असतं, पुष्कळदा बारा मापांचं, आणि ते फिरून फिरून येतं. त्यात एकेक जण आळीपाळीने पुढे येऊन आपल्या मनाचं वाजवतो. तो वाजवतो तेव्हा बाकीचे गप्प बसत नाहीत, पण हात आवरते घेतात. त्याचं झालं की पुन्हा सगळे मिळून मूळ चालीवर. आपल्या दंडारीत दुसरं काय असतं? एक जण गातो, बाकीचे झील धरतात. भजनात बुवा अंतरा घेतो आणि धृपदाला सगळे उचलतात. दोन्हीकडे कान मोठा लागतो, हात नंतर. दुसरीचं ऐकून आपला आवाज कमी-जास्त करणं ही तर बायकांची रोजचीच तालीम आहे, एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांची तर विशेष!

शाळकरी मुलींचा बँड

त्याच जॅझमधली एक गोष्ट सांगते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात पायनी वुड्स नावाची गरीब कृष्णवर्णी मुलांसाठी काढलेली शाळा होती. शाळेला पैसा कमी पडायचा. १९३७ साली तिथल्या मुलींचा एक जॅझ बँड उभा केला, गावोगाव वाजवून शाळेसाठी निधी जमवायला. ढोल, कर्णे, सॅक्सोफोन, पियानो, सगळं मुलीच वाजवायच्या. 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' हे त्यांचं नाव. त्या काळी हे कर्णे म्हणजे पुरुषांची वाद्यं. बाईने फार तर गावं किंवा पियानोपुढे बसावं, अशी तिकडेही समजूत होती.

पुढे बँड शाळेपासून वेगळा झाला आणि मुली स्वतःच्या हिमतीवर देशभर वाजवू लागल्या. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहायला बंदी, आणि या बँडमध्ये तर वेगवेगळ्या वंशांच्या मुली. खानावळीत जेवण मिळेना, लॉजमध्ये खोली मिळेना. त्या आपल्या बसमध्येच झोपायच्या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष वादक सैन्यात गेले आणि बायकांच्या बँडना मागणी आली. १९४५ मध्ये या मुली युरोपात जाऊन सैनिकांपुढे वाजवून आल्या.

आणि मग? युद्ध संपलं, पुरुष घरी परतले, त्यांची वाद्यं आणि जागा त्यांना परत मिळाल्या. बायकांच्या बँडना कामं मिळेनात. १९४९ मध्ये हा बँड मोडला. ताई, तुमचे काका नाटकाला गेले म्हणून तुम्हाला पेटीवर बसायला मिळतंय. तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आधी खंजिरी, मग पेटी

ज्यांना काहीच वाजवता येत नाही त्यांनी निराश होऊ नये. विदर्भात आपल्याला सुरुवात करायला फार जवळचं वाद्य आहे, खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हीच खंजिरी हातात धरून गावंच्या गावं जागी केली. १९५५ साली विश्वधर्म परिषदेला ते जपानला गेले. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत बसलेल्या कुणालाही विचारा, खंजिरीवर थाप पडली की लोक आपोआप सरळ बसतात. वाद्य लहान, किंमत बेताची, पिशवीत मावणारं. आधी त्याच्यावर ताल पक्का करा. ताल पक्का झाला की निम्मी भीती जाते.

आणि पेटीला कमी लेखू नका. ती काही आपली पुराणकाळची नव्हे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मली, पायाने हवा भरायची. आपल्याकडे मांडी घालून बसतात म्हणून कलकत्त्याच्या कारागिरांनी ती हाताच्या भात्याची केली. शास्त्री लोकांनी तिला नाकं मुरडली. १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. पण भजनकरी, नाटकवाले, कव्वाल यांनी तिला सोडलं नाही. पंडितांनी दार लावलं आणि हौशी माणसांनी घरात घेतलं, असं हे वाद्य. तिच्यापुढे बसायला कसला संकोच?

महिन्याभराचा बेत

यात्रेला महिना आहे असं धरून चालू. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, पण रोज हवीत. रविवारी तीन तास आणि मग आठवडाभर काही नाही, याने बोटं वळत नाहीत. दुपारची भांडी झाली की चहाच्या आधीची वेळ बघा. शेजारच्यांची झोपही होऊन गेलेली असते.

पहिला आठवडा निवडीचा. यात्रेसाठी तीनच भजनं घ्या, फार तर चार. नवं एकही नको. मंडळातल्या सगळ्या जणींना झोपेतही येतात अशीच घ्या. एक संथ, एक मध्यम, एक चढत्या लयीचं. सगळी मिळून सूर ठरवा आणि तो एकच ठेवा. दर भजनाला सूर बदलला की पेटीवालीचा गोंधळ होतो आणि तबलाही दरवेळी मिळवावा लागतो. गळा तयार करायला तानपुरा नसला तरी हरकत नाही. मोबाइलवर तानपुरा मिळतो, मुलांना लावून द्यायला सांगा.

तबल्याचं एक लक्षात असू द्या. लहान तोंडाचा तबला उंच बोलतो, मोठ्या तोंडाचा खाली. काळी एकचा तबला ठोकून ठोकून काळी चारपर्यंत नेऊ नका, पुडी फाटेल. तुमचा षड्ज काळी चार असेल तर काळी एक हा तुमचा मध्यम होतो. तबला त्या सुरात राहिला तरी भजनात चालून जातं. जमलं तर मोठ्या तोंडाचा तबला कुणाकडून मागून आणा.

दुसरा आठवडा भात्याचा. नव्याने बसणारी प्रत्येक जण बोटांकडे बघते आणि भाता विसरते. भाता हिसके देऊन मारायचा नाही. मूल झोपवताना पाळण्याला जसा सारखा झोका देतो, तसा. आधी नुसता षड्ज धरून पाच मिनिटं बसा. सूर थरथरला नाही पाहिजे. मग सा रे ग म चढून उतरून, मग धृपद. गाण्यातली प्रत्येक हरकत पेटीत काढायची नाही. गाणाऱ्या गातील, तुम्ही चालीचा सांगाडा द्या. दोन ओळींच्या मधली जागा भरली की पुरे.

पेटी समोर नसली तरी सराव थांबत नाही. पोळ्या लाटताना केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने म्हणा: धा गे ना ती, न क धि न. दादरा असेल तर सहा: धा धी ना, धा ती ना. लाटण्याचा फेरा मात्रेवर पडू द्या. पोळी गोल होवो न होवो, ताल गोल होईल!

तिसरा आठवडा सगळ्यांचा. एकत्र बसा आणि खुणा ठरवा. सुरुवात कोण करणार, लय वाढवायची ती कुणाच्या खुणेवर, संपवायचं कसं. बहुतेक भजनं सुरू छान होतात आणि संपताना विस्कटतात. एक टाळ वर गेला की शेवटचं धृपद, अशी साधी खूण पुरते. प्रत्येक अंतरा एकीला वाटून द्या. एक गाते तेव्हा बाकीच्यांनी टाळ हलके करायचे. वर सांगितलं तसं, हात आवरते घ्यायचे.

चौथा आठवडा लोकांचा. यात्रेच्या आधी एकदा तरी परक्या माणसांपुढे वाजवा. कुणाकडे सत्यनारायण असेल, देवळात गुरुवारची आरती असेल, तिथे बसा. मुद्दाम उघड्यावर बसा. पोरं ओरडताहेत, शेजारी टीव्ही चालू आहे, अशातच वाजवा. यात्रेत याहून दसपट गलका असतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, सगळंच वाईट वाटतं.

चुकलं तर?

आता यजमानांचा मुद्दा. चुकणार का? नक्की चुकणार. मोठमोठे वादकही चुकतात. फरक एवढाच की ते थांबत नाहीत. हौशी माणूस चुकला की थांबतो, जीभ चावतो, शेजारणीकडे बघतो, आणि लोकांना कळतं की काहीतरी बिघडलं. तुम्ही काय करायचं ते सांगते. बोटं उचला. भाता चालूच ठेवा. नुसता षड्ज धरा. गाणाऱ्या गातच असतात, टाळ चालूच असतात. धृपद आलं की त्यांच्याबरोबर पुन्हा आत शिरा. दहा जणी वाजवत-गात असताना एकीची चार सुरांची गैरहजेरी कुणाच्या ध्यानातही येत नाही. हा एक धडा महिन्याभरात मुद्दाम गिरवा. तालमीत एकीने मध्येच खूण करायची, तुम्ही बोटं उचलायची आणि धृपदाला परत यायचं. पाच-सहा वेळा जमलं की भीती उरत नाही.

आणि हसणाऱ्यांचं म्हणाल, तर यात्रेतला माणूस परीक्षक नसतो. तो दिवसभर चालून, उपास धरून, दर्शनाच्या रांगेत उभा राहून आलेला असतो. त्याला टेकायला जागा आणि कानावर चार ओळखीचे शब्द हवे असतात. तो स्वतःच टाळी धरतो. नाव ठेवणारे असतात दोन-चार, पण ते तुम्ही घरी बसलात तरी ठेवतातच.

त्या दिवशीची तयारी

उपास आहे म्हणून तेलकट साबुदाणा वडे पोटभर खाऊन गायला बसू नका. दोन तास आधी भगर, उकडलेलं रताळं, खजूर असं हलकं खा. निरंकार उपास असेल तर गाण्यातल्या जबाबदारीच्या जागा दुसरीला द्या. त्यात कमीपणा नाही. प्यायला कोमट पाणी थर्मासमध्ये न्या.

पदर पिनने पक्का करा. काचेच्या भरगच्च बांगड्या पेटीच्या पट्ट्यांवर आणि तबल्याच्या काठावर वाजतात, माइकमध्ये तर फारच. हातात दोन-दोन ठेवा आणि त्यांवर मऊ रुमाल बांधून मागे सारा. बसायला सतरंजी आणि पेटीखाली घालायला घडीची चादर घरूनच न्या. एक बॅटरी हवीच.

फेब्रुवारी-मार्चच्या रात्री जंगलाच्या कडेला गारवा असतो. दव पडलं की तबल्याची आणि खंजिरीची पुडी उतरते. म्हणून पाळी येईपर्यंत वाद्यं शालीत गुंडाळून ठेवा आणि बसण्याच्या आधी सूर पुन्हा मिळवा. माइक पेटीच्या अगदी तोंडाशी नको, थोडा बाजूला. माइकवाल्याला आधीच सांगा, "दादा, गळे वर, पेटी खाली." शेजारच्या भोंग्याने आपलंच ऐकू येईनासं झालं तर एकमेकींच्या जवळ सरका आणि तबल्यावरचा हात डोळ्यांनी बघा. ताल दिसतोही!

पेटीची निगाही जाता जाता सांगते. भात्याला धरून पेटी उचलू नये. वाजवून झालं की खटके बंद करून भाता नीट मिटवावा. चुलीजवळ किंवा ओलीच्या भिंतीला टेकून ठेवू नये. उंदीर भात्याचं कातडं कुरतडतात, म्हणून पेटीत बंद करून डांबरगोळ्या बाहेरच्या कापडात ठेवाव्या. एखादा सूर अडकला तर टाचणीने कोरू नका. सूर कायमचा बिघडतो. दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

घरच्यांना कसं सांगायचं

'ह्यां'च्याशी वाद घालू नका, काम द्या. पेटी उचलून न्यायला कुणी तरी लागणारच. तालमीच्या दिवशी मुलांना बघायला लागणार. यात्रेत मोबाइलवर चित्रण करायला लागणार. ज्या माणसाने पेटी खांद्यावरून नेली, तो नंतर चार लोकांत "आमच्या घरचीच पेटी होती" असं सांगितल्याशिवाय राहत नाही. पण एक गोष्ट सरळ सांगा: "मी विचारत नाही, सांगतेय. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल." आवाज न चढवता सांगितलेलं घरात जास्त ऐकू जातं.

सासूबाईंच्या गप्प बसण्याचा अर्थ मी वेगळा लावते. त्यांच्या पिढीत झाडीपट्टीच्या दंडारीत बाईचं सोंगसुद्धा पुरुषच घ्यायचे. बाई चारचौघांत वाजवते म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेलंच नाही, मग हो कशाला म्हणणार? त्यांना विचारा, "आई, तुमच्या माहेरी महादेवाची कोणती गाणी म्हणायचे?" एखादी निघेल. ती शिका, पेटीत बसवा, आणि यात्रेत पहिली तीच म्हणा. आता त्याच झाडीपट्टीच्या रंगभूमीवर बायका कामं करतात, त्यांची नावं जाहिरातीत छापून येतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या कलेला एके काळी गावठी म्हणून बाजूला सारायचे, तिला दिल्लीत मान मिळाला. रीत बदलते. कुणीतरी आधी बसावं लागतं, एवढंच.

यात्रा संपल्यावर

आता त्या मुलींच्या बँडकडे परत येऊ. त्यांचं वाजवणं कमी पडलं नव्हतं. पुरुष परत आल्यावर लोकांनी गृहीत धरलं की बायका फक्त जागा राखायला बसल्या होत्या.

होळीनंतर तुमचे काका परत येतील. तुम्ही मानाने उठाल, "काका, या, बसा" म्हणाल, आणि पेटी पुन्हा काळी एकला जाईल. हे होऊ देऊ नका. काकांचा मान राखायचा आहे, पण त्याची रीत वेगळी. त्यांना म्हणा, "काका, पेटी मी धरते, तुम्ही चुका सांगा." मंडळातल्या दुसरीला त्यांच्याकडूनच तबला शिकवून घ्या. गुरुपौर्णिमेला त्यांना नारळ आणि शाल द्या. शिकवणाऱ्याची जागा ही पेटीच्या मागच्या जागेपेक्षा मोठीच आहे, आणि त्यांना ती आवडेल. मंडळाने वर्गणीतून स्वतःची पेटी घेतली तर उत्तम. ती आळीपाळीने सगळ्यांच्या घरी राहू द्या. जिच्या घरी पेटी, तिची बोटं महिनाभरात वळतात आणि तिची पोर ऐकून ऐकून शिकते.

म्हणून यंदा महाशिवरात्रीला एकीने पेटीवर बसायचं, आणि पुढच्या वर्षीपर्यंत दुसरी तयार करायची. दोघींना येऊ लागलं की कुणाची वाट बघावी लागत नाही. एकीचं बाळंतपण असो, एकीच्या घरी पाहुणे असोत, भजन अडत नाही.

ताई, यात्रा झाली की दोन ओळी लिहा. कोणता सूर धरलात, कोणती भजनं घेतलीत, कुठे अडलात. पेटीवर बसलेल्या इतर मैत्रिणींनीही लिहावं. आलेल्या पत्रांतल्या अडचणी एकत्र करून पुढे कधी तरी या पानावर तबल्याबद्दल बोलू.